डोंगराकडची बाजू

हॉलंडमधल्या कापेल आन डेन आयसेल गावच्या चंद्रहासने २०१६ मध्ये पन्नाशी गाठली, तरी त्याचे गडकिल्ले दरवर्षी थोडे उंच होतच होते. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत हातात मोदक आला की सुरू! कुठला सुळका, कुठला कडा, दोर कसा तुटता तुटता राहिला. खरं सांगायचं तर मित्र वर जायचे आणि हा पायथ्याशी पिठलं-भाकरी हाणत त्यांची वाट बघायचा. उंचीवर गेला की गडी गरगरतो. समुद्रसपाटीहूनही खाली असलेल्या या गावात, तो राहायला आल्यापासून अठरा वर्षं, हे गुपित सुखरूप राहिलं.

आणि बायकोने, वीणाने, पन्नाशीची भेट काय द्यावी? अलास्काची सहल. त्यात सोन्यामागे धावणाऱ्यांसाठी शंभरावर वर्षांपूर्वी बांधलेली डोंगरातली रेल्वे.

डब्यात शिरताच चंद्रहासने डोंगराकडचं बाक धरलं. "सुरुंग कसे लावले असतील ते बघायचंय मला," म्हणाला. मग तासभर तो हातभर अंतरावरच्या ओल्या कातळाकडे देवदर्शनाला आल्यासारखा बघत राहिला. पलीकडच्या खिडक्यांत लोक दरीचे फोटो काढत होते. लाकडी पूल आला तेव्हा त्याने बुटाची नाडी बांधायला घेतली. ती पूल संपेपर्यंत बांधली.

घाटमाथा आला. सुटलो, असं त्याला वाटतंय तोच गार्डबाईंनी सांगितलं, आता इंजिन दुसऱ्या टोकाला लागेल, बाकांच्या पाठी उलटा आणि सगळ्यांनी बाजू बदला. दरी प्रत्येकाच्या वाट्याला यायला हवी, ही इथली रीत.

चंद्रहास उठेना. समोरचं जोडपं जागेसाठी ताटकळलेलं.

"वीणा," तो अखेर पुटपुटला, "मला उंची सोसत नाही. कधीच सोसली नाही. ते गड वगैरे…"

"ठाऊक आहे रे."

"कधीपासून?"

"घरातला बल्ब गेला की शिडीवर कोण चढतं? मी. आणि तू खालून शिडी धरून डोळे मिटतोस."

"मग इथे का आणलंस?"

"मला यायचं होतं म्हणून. तू सोबत हवा होतास, खिडकीत बस असं कुठे म्हटलं मी? सरक, उठ आता, लोक थांबलेत."

दरीच्या बाजूला वीणा खिडकीशी बसली, तो आतल्या बाजूला. छातीवरचा धोंडा उतरला होता. त्याने उघडपणे, अगदी राजरोस डोळे मिटले.

"आता काय दिसतंय?" त्याने विचारलं.

"धबधबा."

"केवढा?"

"तुला झेपेल एवढा," वीणा म्हणाली. पुढच्या वळणाला तो घोरत होता.