झाकणाभोवतीची निळी तुटक रेघ

एकवीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. दोघांनी दुजोरा दिल्याशिवाय भुताची सोडाच, पाणीकपातीचीही बातमी छापली नाही. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते आहे... आणि त्याहून जास्त राग येतो आहे.

वारज्यात आम्ही काही सोसायट्यांनी मिळून सकाळी चालण्याचा गट सुरू केला. वेळ सहा, अंतर दोन किलोमीटर, सगळे पन्नाशीच्या पुढचे. सर्वांत पुढे दत्तूकाका — निवृत्त टेलर. फूटपाथवरचं प्रत्येक चेंबर ते काठीने ठोकून बघायचे. झाकण हललं किंवा पोकळ वाजलं, की शिंप्याच्या निळ्या खडूने भोवती तुटक रेघ मारायचे, कापडावर मारतात तशी. मागच्यांनी ते टाळून जायचं. अशा प्रत्येक झाकणासाठी मी महापालिकेकडे अर्ज केला. सतरा झाले.

मग कोणी पाहुणे येणार म्हणून फूटपाथ धुतला गेला. खुणा गेल्या, झाकणं तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी अंधुक उजेडात काकांचा पाय त्यातल्याच एका झाकणावर पडला आणि ते खचलं. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमधून ते परतले नाहीत.

त्यांच्या पत्नी लताकाकूंना मधुमेह. डॉक्टरांनी चालायची सक्ती केलेली, पण उंबरा ओलांडायचीच भीती बसलेली. दोन महिन्यांनी कशाबशा आल्या. म्हणाल्या, "मी पुढे चालणार. ह्यांची जागा आहे ती."

मेडिकलच्या दुकानासमोर त्या थबकल्या. नव्याकोऱ्या सिमेंटच्या झाकणाभोवती निळी तुटक रेघ. ताजी — बोट लावलं तर खडू बोटाला आला.

मी भडकलो. "कोणाची थट्टा ही? लाज नाही वाटत?"

नऊ जण, नऊ नकार. काकू हळूच म्हणाल्या, "खडूचा डबा माझ्या कपाटात आहे. किल्ली ही बघा, कमरेला."

क्षेत्रीय कार्यालयात फोनवर फोन केले, तेव्हा साडेदहाला इंजिनिअर एका मजुराला घेऊन आले. "अहो, मागच्याच महिन्यात बसवलंय हे. खडूच्या रेघा बघायला बोलावता आम्हाला?"

मागच्या महिन्यात. म्हणजे काका गेल्यानंतर.

"पहारीने ठोका," मी म्हटलं, "आणि मग बोला."

पहिल्याच ठोक्याला झाकण दुभंगून आत गेलं. त्यात सळई नव्हती, एकही. खाली पुरुषभर खोल चेंबर. काकूंनी तोंडाला पदर लावला.

इंजिनिअरनी निमूट फॉर्म काढला. "तक्रारदाराचं नाव?"

मी बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "दत्तात्रय. टेलर."

"मोबाईल?"

"बंद असतो."

त्यांनी तसं लिहून घेतलं. दोन दिवसांत दुसरं झाकण बसलं.

मी चौकशी केली. मेडिकलवाल्याने रात्री शटर ओढलं तेव्हा रेघ नव्हती. पहाटे दूधवाल्याने ती पाहिली. दुजोरा द्यायला दोघं आहेत, पण रेघ कोणी मारली याचा खुलासा माझ्याकडे नाही. माझ्या सतरा अर्जांचा खुलासा ज्यांच्याकडे आहे, ते देत नाहीत.