जावेच्या पडवीतली रेंज

नातीला नोकरी लागली ती घरी बसून करायची, लॅपटॉपवर. मला वाटलं, आता पोरगी डोळ्यासमोर राहील. पण आमच्या घरात मोबाईलला रेंज येत नाही. थोरल्या जावेचं घर टेकाडावर, तिथे येते. नात सकाळी वर जायची ती दिवेलागणीला उतरायची. मी बांधून दिलेली भाकरी तशीच परत यायची. जाऊ तिला सुकटीचं कालवण वाढते, हे मला शेजारणीकडून कळलं.

शिवाय खोडाळ्याच्या बाजारात जाऊ बायकांना सांगत सुटली, पोरीने लॅपटॉपवर लिनक्स नावाची प्रणाली टाकली, त्यात ती कामासाठी कंटेनर उभे करते. नात माझी आणि सांगणार ही. हिची स्वतःची नातवंडं वसईला, सणालाही फिरकत नाहीत.

एका दुपारी काही काम नसताना मी वर गेले. वीज गेली होती, रेंजही गेली होती. मला बरं वाटलं, आता ही खाली येईल. पण तिची बोटं चालूच. एक कंटेनर बिघडला होता म्हणाली, तो पुसून तिने दुसरा उभा केला.

"रेंज नसताना?" मी विचारलं.

उत्तर जावेने दिलं. "अगं, कंटेनरचा साचा असतो, इमेज म्हणतात, ती आधीच उतरवून ठेवलीय. त्यावरून कितीही कंटेनर काढ, रेंज लागत नाही. एवढंही तुला माहीत नाही?"

बोलून गेली. आपण काय बोललो ते तिला कळलं. मलाही.

मी नातीला म्हटलं, "मग तू इथे काय करतेस?"

"इमेज उतरवून घ्यायला रेंज लागत होती, आजी. आता केलेलं काम पाठवायलाच लागते. पण मोठी आजी शेजारी बसून विचारते, हे काय, ते काय. तू फक्त जेवलीस का विचारतेस."

झोंबलं. तसं दाखवलं नाही. उद्यापासून खाली बस म्हटलं.

आता ती आमच्या पडवीत बसते. पहिल्याच दिवशी मी तांदूळ निवडायला शेजारी बसले आणि कंटेनर म्हणजे काय ते विचारलं. प्रोग्रामला लागतं ते सगळं एका जागी, बाकी लॅपटॉपपासून वेगळं, बिघडलं तर तेवढंच टाकायचं, असं तिने सांगितलं. निम्मं कळलं. पुन्हा सांग म्हटलं.

संध्याकाळी काम पाठवायला ती वर जाते. मी चहा पाजूनच पाठवते. तरी तिथलाही पिऊन येते.