‘हव’ म्हणायचं नाही

दादाने मला सांगितलेलं शेवटचं काम त्याला स्वतःला कधीच जमलं नव्हतं. रुग्णालयात संध्याकाळच्या भेटीच्या वेळी मी त्याच्या खाटेशी बसून मोसंबी सोलत होते. तो छताकडे पाहत म्हणाला, “कुंदे, दाईले तू सांगून दे.” मी म्हटलं, “मी काहून? तुझं तोंड कुठे गेलं?” “मले नाही जमलं... तू मास्तरीण आहे. तुले सांगता येते.” पोरांना पाढे शिकवणं आणि दाईला, एका आईला, तिचा मुलगा कसा गेला हे सांगणं, दादाच्या लेखी दोन्ही सारखंच. मी चिडले. बरा हो आणि तूच जाऊन सांग, म्हटलं. त्याच आठवड्यात मी सकाळी दूध तापवत असताना रुग्णालयातून फोन आला. उतू गेलेलं दूध पुसायचं दुपारपर्यंत कुणाला सुचलं नाही.

मधुकर त्याचं नाव. मी त्याची धाकटी बहीण. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला, त्यामुळे आमचं लहानपण रायपूरच्या गुढियारीत वॅगनींच्या खडखडाटात गेलं. घरात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. दादा खलाशी झाला तेव्हा नातेवाईक विचारत, “रायपुरात जहाज लागते कुठे बा?” आणि आई अगदी गंभीरपणे सांगे, “मुंबईहून पकडते तो.” गंमत म्हणजे त्याला धड पोहताही येत नव्हतं. बूढा तलावात शिकायला गेला आणि गाळात चप्पल घालवून परत आला, एवढीच त्याची तयारी. तरी सारी हयात त्याने मालवाहू जहाजांवर काढली आणि बोसन झाला, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर तात्यापाऱ्यात माझ्या घराच्या वरच्या खोलीत राहायला आला, आणि थोड्याच दिवसांत रविवारी सकाळी माझ्या जिन्याखाली चपलांचा ढीग पडायला लागला. जहाजावर निघालेली, नाहीतर निघायची स्वप्नं बघणारी मुलंमुली यायची. गुढियारीतून, भिलाईतून, कुठून कुठून. त्याने कुणाला बोलावलं नव्हतं, पण एकाने दुसऱ्याला सांगितलं असणार.

वर चहा घेऊन जाताना जे कानावर पडायचं त्यावरून मीही निम्मी खलाशी झाले असेन. पहिल्या जहाजावर जेवण खोलीत नेऊन खायचं नाही, मेसमध्ये चार माणसांत बसून खायचं, नावडती माणसं असली तरी. जो एकटा जेवायला लागला तो हळूहळू बोलायचाही थांबतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. झोप मिळेल तेव्हा झोपायचं, फोनवर घर बघत बसायचं नाही. ताप अंगावर काढायचा नाही. नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या दलालाला आधी विचारायचं, तुझा परवाना दाखव. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, मग साहेब ओरडो की बाप ओरडो. समजलं नाही तर “समजलं नाही” म्हणायचं आणि त्याची लाज बाळगायची नाही. पण सगळ्यात जास्त तो एका शब्दावर भडकायचा. आमच्याकडे ‘हव’ म्हणजे हो. शब्द छत्तीसगढी, पण रायपूरच्या मराठी घरांतही इतका मुरलेला की तोंडातून आपोआप निघतो. कुणी पोट्टा “हव काकाजी” म्हणाला की दादा हातातला कप खाली ठेवायचा. “हव नाही बोलायचं! मी काय सांगितलं ते पूर्ण वापस बोल.” मग त्या बिचाऱ्याने सबंध वाक्य हिंदीत घोकून म्हणायचं. घरीही तेच. मी विचारलं, चहा ठेवू? तर उत्तर यायचं, “चहा ठेव.” आम्ही त्याला जहाजावरचा पोपट म्हणायचो. त्याला राग यायचा नाही. पण हवही तो कधी म्हणाला नाही.

त्याचं कारण मला त्या दिवशी रुग्णालयात कळलं. बलराम हा अभनपूरजवळच्या एका गावचा मुलगा, शाळेत दादाच्या वर्गातला. दादा जहाजावर लागला आणि त्याच्या मागे लागून बलरामही. दाई म्हणजे बलरामची आई. ती पोराला पाठवायला तयार नव्हती, तिला दादानेच गळ घातली होती. “मी आहे ना संग,” म्हणाला होता. पुढे कसेबसे दोघं एकाच जहाजावर आले. कुठल्याशा परदेशी बंदरात जहाज धक्क्याला बांधत होते. दादा कठड्याशी उभा राहून खाली धक्क्यावर नजर ठेवत होता, बलराम मागे डेकवर दोराचा पीळ सोडवत होता. दोर ओढायच्या यंत्रावर दूरदेशीचा एक खलाशी होता, त्याला हिंदीचं अक्षर कळत नव्हतं. अधिकाऱ्याने वॉकीटॉकीवर दादाला विचारलं, खाली दोर अडकवला का? दादा म्हणाला, “हव.” रायपूरच्या घरात म्हणतात तसं, सहज. जहाजावर दोर ओढायचा हुकूम असतो ‘हीव्ह’. यंत्रावरच्या माणसाच्या कानी, त्याच्या वॉकीटॉकीच्या खरखरीत, तोच पडला. त्याने दोर ओढला. बलराम अजून तिथेच वाकलेला होता. दोर ताणला आणि तुटला, आणि त्याचं तुटलेलं टोक बलरामवर आलं.

चौकशी झाली. यंत्रावरचा माणूस परोपरीने सांगत होता, मला हुकूम ऐकू आला. अधिकारी म्हणाला, मी हुकूम दिलाच नाही. दोघंही खरं बोलत होते, आणि मधल्या त्या एका शब्दाने घात केला हे फक्त दादाच्या लक्षात आलं होतं. तो गप्प राहिला. ठपका यंत्रावरच्या माणसावर आला आणि त्याला पुढच्याच बंदरातून घरी धाडलं. “मी बोललो असतो तर माझी जहाजाची लाइन गेली असती, कुंदे,” दादा म्हणाला. आणि मग, “तशीबी काय कामाची राहिली?”

तेव्हापासून पोळ्याला सुट्टीवर असला की तो अभनपूरकडे दाईच्या गावी जायचा. निवृत्त झाल्यावर तर एकही पोळा चुकवला नाही. येताना ठेठरी-खुरमीचा डबा आणायचा, दाईने त्याच्यासाठी तळलेला, आणि आम्ही तो रस्त्याकडच्या ओसरीत बसून फस्त करायचो. त्याच्यासाठी ती पोळ्याची तयारी आठ दिवस आधीपासून मांडायची म्हणे. दरवर्षी जाताना तो ठरवून निघायचा की आज सांगायचं, आणि दरवर्षी डबा घेऊन परत यायचा. आम्हाला वाटायचं, मित्राच्या आईवर किती हा जीव. जीव होताच, त्यात खोटं काही नव्हतं. म्हणून तर त्याला ते सांगणं अधिकच कठीण होत गेलं असेल.

तो गेल्यावर मी आधी ठरवलं होतं, जायचं नाही. मेलेल्या माणसाचं मेलेल्याबरोबर जाऊ दे. त्याने इतक्या मुलांना शिकवलं, एखादा तरी दोर त्यामुळे वेळेवर थांबला असेल, तेवढं पुरे, असं मनाला समजावत होते. तेरवीनंतर पूनमचा जहाजावरून फोन आला. रविवारच्या मुलींतली ही सगळ्यात हुशार. खूप रडली. मी म्हटलं, बेटा, काकाजींचं सांगणं लक्षात ठेव, हुकूम पूर्ण वापस बोलायचा. “आंटी, पहले बोलती थी. यहाँ सब हँसते हैं, जल्दी-जल्दी का काम है... अब बस ‘ओके’ बोल देती हूँ.” मी म्हटलं, काळजी घे. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला तेव्हा वाटलं, या माणसाचं आता या जगात एकच काम उरलंय, ते तरी होऊ दे. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी टाकली आणि अभनपूरची बस पकडली.

दाई आता फार थकली आहे, पण कान शाबूत आहेत. तिने मला अंगणातल्या खाटेवर बसवलं, पाणी दिलं, दादासाठी रडली. मी बोलायला सुरुवात केली. शाळेत अवघड धडा सोपा करून सांगतात तसं सांगत गेले. बंदर, धक्का, दोर, यंत्रावरचा माणूस. ती ऐकताना जशी सवय असते तशी दर वाक्याला “हव... हव...” करत होती. त्या एका शब्दापाशी मी पोचले तेव्हा ती थांबली. मी पुढचंही सांगितलं, चौकशीचं, गप्प राहण्याचं. नको सांगायला, असं मधेच वाटून गेलं, पण तोवर सगळं सांगून झालं होतं. तिला राग येईल, ती शिव्या घालेल, निदान रडेल, याची मी तयारी केली होती. ती लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “तैं काबर बताए, बेटी?” तू का सांगितलंस? “बलराम त चल दिस. मोर बर मधु बाँचे रहिस. वहू ला तैं आज ले गेस.” बलराम तर गेलाच होता. माझ्यासाठी मधु उरला होता. त्यालाही आज तू घेऊन गेलीस.

ती भिंतीला धरून आत गेली आणि एक फोटो घेऊन बाहेर आली. दादा गेल्याचं कळल्यावर शेजारच्या कुणाच्या मोबाइलमधला जुना फोटो तिने अभनपूरच्या बाजारातून मोठा करून आणला होता, चौकट घालून, प्लॅस्टिकच्या फुलांचा हार घालून. तो तिने माझ्या मांडीवर ठेवला. “ले जा,” एवढंच म्हणाली, आणि दारातून आत वळली. मला चहा विचारला नाही. छत्तीसगढच्या खेड्यात चहा न विचारता कुणी कुणाला उठू देत नाही.

फोटो आता दादाच्या खोलीत आहे. भिंतीला खिळा ठोकलेला नाही. त्यात तो तिच्या अंगणात त्याच खाटेवर मांडी घालून बसलाय, तोंडात घास आहे आणि कुणीतरी काहीतरी बोललंय म्हणून तो मान मागे टाकून हसतोय. आमच्या घरातल्या एकाही फोटोत दादा असा हसत नाही. इतकी वर्षं एकाच छपराखाली राहून मी तो हसणारा माणूस पाहिलाच नव्हता. तो फक्त दाईकडे असायचा, वर्षातून एक दिवस. आता तिथेही नाही.