रिझ आणि गोलातल्या सह्या

आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. आई कामगार संघटनेत, त्यामुळे मी अक्षरं शिकलो ती मागण्यांच्या यादीवरून. लोकांना भुरळ घालणं हे पुढाऱ्यांचं आणि जाहिरातवाल्यांचं काम, असं माझं ठाम मत होतं.

"दादा, तुझ्यात रिझच नाही," धाकटी बहीण म्हणाली, तेव्हा मी चिडून त्या शब्दाचा अर्थ शोधला. आपल्या रिझवण्याशी त्याचं नातं नाही. इंग्रजीतल्या 'करिझ्मा' या शब्दाचा मधला तुकडा पोरांनी इंटरनेटवर तोडून घेतला. अर्थ, समोरच्याला जिंकायची हातोटी. त्या 'करिझ्मा'चं मूळ ग्रीक, म्हणजे कृपेनं मिळालेली देणगी.

"जन्मजात देणगी? हे तर समतेच्या विरोधात आहे," मी म्हणालो.

"बघ. हेच ते," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कपड्यांच्या कारखान्यातल्या बायकांच्या सह्या संघटनेला बसच्या मागणीच्या अर्जावर हव्या होत्या. संध्याकाळची पाळी सुटली की बस नसायची, बायका अंधारात हायवेच्या कडेनं चालत जायच्या. अर्जासोबतचं पत्रक माझं होतं. दोन दिवस गेटवर उभा राहिलो. पत्रक सगळ्यांनी घेतलं, सही कुणीच केली नाही.

तिसऱ्या दिवशी आई आली. एका वयस्क शिलाईवाल्या बाईंच्या हातात तिनं पत्रक आणि पेन दिलं. "मावशी, पोरानं लिव्हलंय. रोज चालता तुमी, ह्यो न्हाय. कुटं चुकलंय बघा की."

मावशींनी वाचलं. "साखळ्या तोडा? आमाला बस पायजे." बायका हसल्या. मावशींनी ओळ खोडली आणि मला सांगितलं, "हितं लिव्ह, पुलाखाली दिवा न्हाय."

मी लिहिलं. पण सहीसाठी अर्ज पुढं केला, तर कुणी पेन टेकवेना. "पयलं नाव कुनाचं? मालक तेच धरंल," मावशी म्हणाल्या.

"धरंल की," आई म्हणाली. "मलाबी भ्या वाटतं." मग तिनं डब्याचं झाकण कागदावर ठेवून गोल काढला. "ह्याच्या कडेनं करा. गोलात पयलं कुनी नसतं."

त्या संध्याकाळी कागद भरला. आई कुणाला भुलवत नव्हती. ती त्यांचं ऐकत होती आणि भीती लपवत नव्हती. हे मला शिकवल्याबद्दल तिचे आणि माझी ओळ खोडणाऱ्या मावशींचे आभार कसे मानावेत, मला अजून कळत नाही.

पुढं बस सुरू झाली. पहिल्या फेरीला मीही चढलो. मावशी सरकून म्हणाल्या, "बस हितं. नवीन काय लिव्हलंस, दाव."