तिचा डावा हात

आमच्या निमगावातली ही पोरगी रोज सकाळी लांबडी पिशवी खांद्याला लावून माझ्या फ्लेक्सच्या दुकानासमोर बारामतीच्या एसटीची वाट बघते. पिशवीत तिची खेळायची तलवार असते, बारीक आणि टोकाला बोथट. बोलणं मोजकं. गर्दीत तिला कुणाचा धक्का लागला की आधी तिचा डावा हात वर जातो. एकदा मी विचारलंच. म्हणाली, "दादा, आमच्या सरावाला घाव मोजायचं मशीन न्हाय. घाव लागला की ज्याला लागला त्यानंच हात वर करायचा. न्हायतर खेळायचं कसं?"

ती तलवारबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धेत कांस्यपदक जिंकून आली, तेव्हा गावानं सत्कार ठरवला. फ्लेक्सचं काम माझ्याकडं आलं. तिच्या फोटोखाली मी 'सुवर्णकन्या' टाकलं. पदक कांस्य आहे हे मला ठाऊक होतं, पण 'कांस्यकन्या' कुणी कधी लिहितं का?

सरपंचतात्यांनी फ्लेक्स वाचतच भाषण केलं. "लेकीनं सोनं आणलं," म्हणाले. टाळ्या पडल्या. ती फेटा सावरत उठली आणि डावा हात वर केला.

"तात्या, सोनं न्हाय, कांस्य हाय. सेमीफायनलला मी हरले."

तात्या माईकवरच म्हणाले, "मग हे सुवर्ण लिवलं कुणी?"

तिला माहीत होतं. तरी ती माझ्याकडं सोडून सगळीकडं बघत राहिली.

शेवटच्या रांगेत मी डावा हात वर केला.