दुसऱ्याची उचकी

भामाला उचकी लागली की आमचा अख्खा वर्ग एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागायचा. कारण ती उचकी भामाची नसायची. वर्गात कुणीतरी रडू गिळत बसलेलं असायचं आणि उचकी लागायची भामाला. हे मी आज सांगते तेव्हा नवरा हसतो. मुलगी मोबाइलमधून डोकं वर काढून ‘आई, काहीही हं’ म्हणते. म्हणोत बापडे. त्यांना भामाशेजारी एका बाकावर बसावं लागलेलं नाही.

मला बसावं लागलं. पाचोडची आमची विहीर आटली, हाताशी आलेली मोसंबीची झाडं उभी वाळली आणि वडिलांनी वाळूजच्या एका कंपनीत काम धरलं. शहराच्या टोकाला गुंठेवारीच्या वस्तीत दोन पत्र्याच्या खोल्या घेऊन त्यांनी मला जवळच्या शाळेत नववीत घातलं. पहिल्याच दिवशी भामाच्या शेजारची रिकामी जागा मला मिळाली. ती रिकामी का होती, ते लगेच कळलं. गाव, मैत्रिणी, सगळं आठवून रडू येत होतं आणि मी मान खाली घालून ते दाबत होते, तोच शेजारून उचकी आली. चांगली खणखणीत. मग दुसरी, तिसरी. शिंदेबाई फळ्याकडून वळून म्हणाल्या, “भामा, पाणी पी.”

“पाण्यानं नाय जायची, बाई. ही माझी नाय, हिची हाय.” भामानं सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

सगळा वर्ग हसला. या मुलीशी जन्मात बोलायचं नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पण मधल्या सुट्टीत तीच मला दंडाला धरून शाळेमागच्या पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेली. टाकी कधीची कोरडी पडलेली, त्यामुळे तिकडे कुणी फिरकत नसे.

“रड आता. लाजू नको, मी तिकडं बघते,” म्हणाली आणि खरोखरच माझ्याकडे पाठ करून बसली. मी आधी तिला मनसोक्त शिव्या दिल्या आणि मग रडले. जसजशी रडत गेले तसतशा तिच्या उचक्या विरत गेल्या.

“गेली बघ,” ती एखाद्या डॉक्टरच्या थाटात म्हणाली. “डबा काढ आता. लई भूक लागलीय.”

भामा उंच, हाडकुळी, तेलानं चोपलेल्या दोन घट्ट वेण्यांची. घर मेंढरांचं. शाळेपलीकडच्या मोकळ्या रानात त्यांचा कळप असायचा आणि मेंढरांचा वास तिच्या दप्तरालाही यायचा. त्यावरून कुणी नाक मुरडलं, तर ती त्याच्या आणखी जवळ जाऊन बसायची. तिच्या उचकीवर घरच्यांनी सगळे उपाय करून पाहिले होते. डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, देवाला नारळ झाला, दर्ग्यातला हिरवा धागा झाला. उचकी काही गेली नाही. पण धागा मनगटावर छान दिसतो म्हणून तिनं तो तसाच ठेवला होता.

पोरं तिची परीक्षा घ्यायची. एकदा एकानं डब्यातला कांदा डोळ्यांना चोळला आणि घळाघळा आसवं गाळत तिच्यासमोर येऊन उभा राहिला. भामा ढिम्म. “हे डोळ्यातलं पाणी हाय,” ती म्हणाली. “मला गळ्यातलं लागतं.” आणि उरलेला कांदा तिनं भाकरीबरोबर खाऊन टाकला.

एकदाच ती खोटं बोललेली मला ठाऊक आहे. शिंदेबाई भूगोल शिकवत होत्या, नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात. भामाला उचकी लागली. वर्ग शोधायला लागला, कोण, कोण? भामानं बाईंकडे पाहिलं. बाईंच्या हातातला खडू नकाशावर थांबला होता. “आज माझीच हाय, बाई,” भामा म्हणाली. “सकाळी मिरची लई खाल्ली.” त्या दिवशी शिंदेबाईंनी तास लवकर संपवला. जाताना भामाच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. त्यांना कसलं दुःख होतं ते आम्हाला कधी कळलं नाही, आणि भामानं मला ते विचारूही दिलं नाही.

टँकर यायचा त्या दिवशी तिची खरी दैना व्हायची. वस्तीतल्या बायका हंडे घेऊन धावायच्या, झिंज्या धरायच्या आणि भामा त्या गर्दीत उचक्या देत उभी असायची. एकदा एक बाई सगळ्यांच्या अंगावर धावून जात होती, तोंडाचा पट्टा नुसता सुटलेला. भामा सरळ तिच्यापाशी गेली आणि तिच्या कडेवरचा हंडा काढून आपल्या हातात घेतला. “मी भरते, काकू. तुमी जरा बसा.” ती बाई तिथेच दगडावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. भांडण तिथेच मिटलं. मला मात्र भामाचा राग आला होता, कारण काकूंचा हंडा भरताना आमचे दोघींचे राहून गेले.

भामाला नर्स व्हायचं होतं. दहावी, मग नर्सिंग, असं तिनं पक्कं ठरवलं होतं. मी म्हणायचे, “दवाखान्यात तर उचक्यांनी मरशील की गं!”

“उलट. तिथं लोक मोकळं रडत्यात. मला लई आराम पडंल.”

दहावीचं वर्ष लागलं आणि पाऊस पुन्हा रुसला. मोकळ्या रानात फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या, प्लॉट पडले, चरायला काडी राहिली नाही. भामाचा मोठा भाऊ कंपनीत लागला. पैठणकडे धरणाचं पाणी मागे सरलं होतं आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर थोडंफार गवत होतं. तिकडे कळप न्यायचा, तर तिचे वडील आणि गुडघ्यांनी आखडलेली आई यांच्याच्यानं तो सांभाळला जाणार नव्हता. म्हणजे एक तर भामानं शाळा सोडायची, नाहीतर कळप विकायचा. तिच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, कळप विकायचं ठरवलं.

व्यापारी आला तेव्हा मी तिथेच होते. आबा हसत होते. “बरं झालं, कटकट गेली! जलमभर ह्यांच्या मागं पळालो. आता पोरीच्या निकालाचे पेढे खातो अन् सावलीला बसतो.” इतकं छान हसत होते की माझा विश्वास बसला. व्यापाऱ्याचाही बसला. मी मनातल्या मनात उड्या मारत होते.

तेवढ्यात भामाला उचकी लागली.

एक, मग दुसरी, मग श्वास घेता येईना इतक्या. “पाणी पी, पोरी,” आबा म्हणाले आणि तोंड फिरवून एका मेंढीच्या पाठीवरचे काटे काढायला लागले. तिच्या पाठीवर काटे नव्हते. भामा त्यांच्याकडे बघत राहिली. मग व्यापाऱ्यानं धरलेल्या मेंढ्याच्या मानेवरचा त्याचा हात तिनं हळूच बाजूला केला.

“मामा, तुमी जा. नाय इकायची मेंढरं.”

दुसऱ्या दिवशी टाकीमागे मी तिच्याशी कडाकडा भांडले. “ते आपणहून विकत होते! तू नुसतं गप्प उभं राहायचं होतंस!”

“तुला उचकी येत नाय, म्हणून तुला सोपं हाय,” ती म्हणाली. “मी पेपर लिव्हीत बसन अन् घरी आबा हसत बसत्याल. मला लिव्हता येईल व्हय, वंदे?”

ती उचकी आली नसती तर भामा दहावी झाली असती, नर्स झाली असती, असं मला वाटतं आणि त्या उचकीचा मला अजून राग येतो. मग वाटतं, ती आली नसती तर ती भामाच कशी असती?

भामाच्या घरचे पैठणकडे निघाले त्या सकाळी वस्तीत टँकर आला होता. रस्त्यानं कळप चालला होता, धूळ उडत होती. पाठीवर पुस्तकांचं गाठोडं, हातात काठी, अशी भामा माझ्यापाशी थांबली. तिला आणखी जड जाऊ नये म्हणून मी हसायचं ठरवलं होतं आणि हसलेही.

“नीट जा गं,” मी म्हणाले.

भामानं उचकी दिली. पुन्हा एक दिली. माझ्याकडे नुसती बघत राहिली.

मग मी भोकाड पसरलं. भर रस्त्यात, टँकरच्या रांगेसमोर, लहान पोरासारखं. बायका हंडे खाली ठेवून बघायला लागल्या. आईनं घरातून हाक मारली, तिकडेही मी लक्ष दिलं नाही. भामाची उचकी थांबली. तिनं ओढणीनं आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे, आणि मेंढरांना हाळी देत पुढे गेली.

ती दिसेनाशी झाली तरी मी रडायची थांबले नाही. मध्येच गिळलं असतं, तर तिला वाटेत लागली असती.