रुमालाच्या दोन गाठी

लेकीकडं नांदेडला जायचं म्हटलं की बायको कपड्यांच्या आधी औषधं बांधायची. माझी शाळा दुसरीपर्यंत, तिची सातवीपर्यंत, त्यामुळं घरात वाचायचं काम तिचं. मला साखर, तिला बीपी. पिशवीत पाकिटं चुरगळतात म्हणून ती गोळ्या पाकिटातून काढून माझ्या पांढऱ्या रुमालाच्या दोन टोकांना बांधायची. एका टोकाला माझ्या, दुसऱ्याला तिच्या. कोणतं टोक कोणाचं, मी कधी विचारलं नाही. एस.टी.त ती गाठ सोडायची, माझ्या तळहातावर गोळी ठेवायची, मी गिळायचो.

गेल्या पावसाळ्यात असाच रुमाल बांधून झाला, अन् जायच्या दोन दिवस आधी ती सकाळी उठलीच नाही. रुमाल ट्रंकेत राहिला. तिच्या हातचं दुसरं घरात काही उरलं नाही. लोणचं संपलं, गोधडी लेकीनं नेली. गाठी तेवढ्या होत्या. मी ट्रंक उघडून बघायचो, सोडायचो नाही.

यंदा लेक फोनवर म्हणाली, "बाबा, वर्ष झालं. आता तरी या." मी रुमाल खिशात घातला. ताज्या गोळ्यांचं पाकीट फळीवर होतं, ते तिथंच ठेवलं. तिनं बांधून ठेवलंय, मग दुसरं कशाला? औषध काय भाकरी हाय का शिळी व्हायला? एवढीच माझी अक्कल.

चिकलठाण्याला गाडीत बसलो. शेजारची जागा मोकळीच होती. जालना गेल्यावर एक गाठ सोडायला घेतली. सुटेना. शेवटी दातानं ओढली. लई वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आत दोन गोळ्या. एक घ्यायची का दोन, ते तिला ठाऊक. मी दोन्ही गिळल्या.

मंठ्याच्या अलीकडं डोळ्यांपुढं अंधारी आली, अंगाला दरदरून घाम. कंडक्टर बाई होती. तिनं मला सीटवर आडवं केलं.

"बाबा, काय खाल्लं?"

"गोळी."

"कशाची?"

"सकाळची."

"अहो, सकाळचा चहा असतो! गोळीला नाव नसतं व्हय?"

मागून कोणीतरी हसलं. तिनं गाडी दवाखान्याच्या दारात उभी करायला लावली अन् मला धरून उतरवलं.

डॉक्टर पोरसवदा होता, पण कडक. गोळ्या कुठल्या, कोणाच्या, गाठी कशाच्या, सगळं त्यानं विचारून घेतलं. बीपी मोजून म्हणाला, "लई खाली गेलंय. चुकीची गोळी घेतलीय तुम्ही. दुसरी गाठ सोडा, बघू द्या."

"नाय."

"बाबा, त्यात तुमची गोळी हाय का, कळायला नको?"

"तिनं बांधलीय."

त्यानं हात पुढं केला. मी म्हणालो, "तुम्ही नको. मीच सोडतो."

ही पण दातानंच सुटली. आत गोळी नव्हतीच. वर्षभराची ओल धरून सगळ्याचं पीठ झालं होतं. त्यानं वास घेतला, बोटानं चोळलं, मान हलवली. "काय होतं ते आता कोणीच सांगू शकत नाही. पुढच्या टायमाला पाकिटासकट आणा, चिठ्ठीसकट. अन् असंच खिशात ठेवा, टपावरच्या पिशवीत नको." मग पीठ झटकायला रुमाल मागितला. मी दिला.

संध्याकाळी लेक घ्यायला आली. रागावली नाही. रागावली असती तर बरं होतं.

आता पाकीट अन् डॉक्टरची चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात असते. नाव वाचता येत नाही, पण कंडक्टरला दाखवता येतं. रुमाल धुतला नाही. दोन्ही टोकं अजून चुरगळलेली हायत. मी परत गाठी मारून बघितल्या. माझी गाठ लगेच सुटती.